चित्रपट ढगात, सर्व्हर घरात

घरचा व्हिडिओ-संग्रह टीव्हीवर आणि फोनवर बघण्यासाठी जेलीफिन हे मुक्त सॉफ्टवेअर अनेक जण वापरतात. ‘एम्बी’ या तशाच सॉफ्टवेअरने आपला सोर्स कोड बंद केला, तेव्हा डिसेंबर २०१८मध्ये जेलीफिनची वेगळी चूल मांडली गेली. एखादा जुना संगणक आणि मोठी हार्ड डिस्क असली की लग्नाच्या व्हिडिओपासून आजोबांच्या कीर्तनापर्यंत सगळं एका जागी येतं. मग कधीतरी डिस्क भरते आणि कुणीतरी म्हणतं, ‘क्लाउडवर टाक की!’

टाकता येतं. पण तिथली स्वस्त साठवण म्हणजे लांब ठेवलेली हार्ड डिस्क, असं समजून मांडणी केली तर आधी वेग रडवतो आणि मग बिल.

या साठवणीला ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात. ॲमेझॉनने मार्च २००६मध्ये एस-थ्री ही सेवा सुरू केली आणि तिची विनंती-उत्तराची पद्धत पुढे बाकीच्यांनीही उचलली. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडसारखा हा कारभार आहे: जोड द्या, बिल्ला घ्या, बिल्ला दाखवून जोड परत न्या. तो कुठल्या फळीवर ठेवलाय ते विचारायचं नाही, आणि ‘डाव्या चपलेचा अंगठा तेवढा शिवून ठेवा’ असंही सांगता येत नाही. फाइलमधला एक बाइट बदलायचा तरी अख्खी फाइल पुन्हा चढवावी लागते. फोल्डरसुद्धा नावापुरतेच. ‘लग्न/हळद’ हे एकच सलग नाव असतं आणि मधली तिरकी रेघ हे त्यातलं एक अक्षर. म्हणून जेलीफिनचा डेटाबेस, ज्यात सतत बारीकसारीक नोंदी होत राहतात, तो घरच्या डिस्कवरच ठेवायचा. बकेटमध्ये, म्हणजे या साठवणीतल्या आपल्या कप्प्यात, जायचं ते फक्त व्हिडिओंनी.

वाचताना मात्र अख्खी फाइल आणावी लागत नाही. ‘अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतच द्या’ अशी मागणी एचटीटीपीमध्ये, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांत, करता येते आणि सर्व्हर २०६ हा सांकेतिक आकडा देऊन तेवढाच तुकडा पाठवतो. ‘आरक्लोन’ नावाचं साधन याच सोयीवर बकेट माउंट करतं, म्हणजे जेलीफिनला ती साध्या फोल्डरसारखी दिसते. त्याचा व्हीएफएस कॅश मोड ‘फुल’ ठेवला की एकदा आणलेले तुकडे घरच्या डिस्कवर राहतात आणि मागे-पुढे सरकवताना पुन्हा मागवावे लागत नाहीत.

तरीही काही व्हिडिओ सुरू व्हायला उशीर लावतात. याचं कारण बहुधा एमपी-फोर फाइलच्या रचनेत सापडतं. कुठलं दृश्य कितव्या बाइटला आहे याची सूची त्या फाइलमध्ये ‘मूव्ह’ नावाच्या भागात असते. चित्रण संपल्याशिवाय सूची पुरी होत नाही, त्यामुळे ती बऱ्याचदा शेवटी लिहिली जाते. प्लेयर आधी सुरुवात मागतो, सूची सापडत नाही, मग शेपूट मागतो आणि पुन्हा सुरुवातीला येतो. घरच्या डिस्कवर या फेऱ्या जाणवत नाहीत. इंटरनेटवर प्रत्येक फेरीला वाट बघावी लागते. एफएफएमपेग या व्हिडिओ-फाइली हाताळणाऱ्या साधनातला ‘फास्टस्टार्ट’ पर्याय सूची उचलून पुढे ठेवतो. चित्राला तो हात लावत नाही. चढवण्याआधी हे जरूर करावं.

आता पैसे. ठेवण्याचं भाडं फारसं जड वाटत नाही, खरी मेख आहे ती बाहेर काढण्याच्या दरात. ॲमेझॉनच्या मुंबई विभागातून डेटा इंटरनेटवर आणायला, महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले तर, जीबीमागे सुमारे ११ सेंट पडतात. सेकंदाला ८ मेगाबिट या दराचा दोन तासांचा चित्रपट ७.२ जीबीचा होतो, म्हणजे फुकटात महिन्याला तेरा-चौदा चित्रपट. पण बघण्यापेक्षाही महाग पडते ती जेलीफिनची हौस. सरकपट्टीवर छोटी चित्रं दाखवण्यासाठी तो प्रत्येक व्हिडिओ जवळजवळ पूर्ण वाचून काढतो. एक टीबीचा संग्रह असेल, तर कुणी एक मिनिटही न बघता शंभरेक डॉलरचं बिल येऊ शकतं. ही सोय बंद ठेवा. क्लाउडफ्लेअरची आर-टू ही सेवा बाहेर काढण्याचे पैसे घेत नाही. रोज बघायचं असेल तर मी तिकडे वळेन. सगळे एकाच घरात बसून बघणार असतील तर खरं म्हणजे दुसरी हार्ड डिस्कच घ्यावी.

मग क्लाउड हवं कशाला? टिकाऊपणासाठी, आणि तिथलं गणित सुंदर आहे. ‘बॅकब्लेझ’ या साठवण पुरवणाऱ्या कंपनीने आपली पद्धत २०१५मध्ये उघड केली: फाइलचे १७ तुकडे करायचे, त्यांवरून आणखी ३ तुकडे काढायचे आणि हे वीस तुकडे वीस वेगळ्या यंत्रांत ठेवायचे. कुठलेही तीन नष्ट झाले तरी फाइल जशीच्या तशी परत मिळते. दोन बिंदू माहीत असले की सरळ रेषा ठरते. तिच्यावरचा तिसरा बिंदूही जपला तर तिघांतला कुठलाही एक हरवला तरी बिघडत नाही. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६०मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीचं मूळ या कल्पनेत आहे. सीडीवरचे ओरखडे आणि क्यूआर कोडवरचे डाग याच पद्धतीने पचतात. तीन पूर्ण प्रती ठेवायला तिप्पट जागा लागते, इथे जेमतेम १८ टक्के जादा.

मात्र तुमच्याच किल्लीने, म्हणजे बकेट उघडणाऱ्या गुप्त संकेताने, कुणी फाइल पुसली, तर हे गणित वाचवत नाही. जेलीफिनला फक्त वाचायची परवानगी असलेली किल्ली द्यावी, चढवण्यासाठी वेगळी, आणि बकेट खासगी. घरातले व्हिडिओ कंपनीलाही दिसू नयेत असं वाटत असेल, तर आरक्लोनचं ‘क्रिप्ट’ वापरा. ते ६४ केबीच्या ठोकळ्यांत कुलूपबंद करतं, त्यामुळे मधलाच तुकडा मागण्याची सोय शाबूत राहते.

आणखी एक छुपा खर्च. मोठी फाइल तुकड्यांनी चढते. एस-थ्रीत शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा आणि एकूण तुकडे जास्तीत जास्त १०,०००. मध्येच वीज गेली तर चढलेले तुकडे तिथेच पडून राहतात. फाइलींच्या यादीत ते दिसत नाहीत, भाडं मात्र चालू. अर्धवट चढवलेलं सात दिवसांनी आपोआप काढून टाकण्याचा नियम बकेटच्या लाइफसायकल सेटिंगमध्ये लावता येतो. तो पहिला व्हिडिओ चढवण्याआधीच लावावा.