घोरण्यातला खंड : निद्राश्वासरोधाच्या संशोधनाची पार्श्वभूमी

सोलापूरहून रात्री मुंबईला निघणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने ज्यांनी वरचेवर प्रवास केला आहे, त्यांना डब्यातल्या एखाद्या बर्थवरून सुरू होणारे घोरणे चांगले परिचयाचे असते. ते चढत जाते, एकाएकी थांबते, दहा-वीस सेकंद काहीच ऐकू येत नाही आणि मग मोठा गचका देऊन, कुणी पाण्यातून डोके वर काढावे तसा श्वास परत सुरू होतो. वरच्या बर्थवरचा प्रवासी या प्रकाराने रात्रभर जागा राहतो आणि घोरणारा सकाळी दादरला उतरताना झोप छान झाल्याचे सांगतो. निद्राश्वासरोध, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याचा हा आजार; त्याच्या अभ्यासाला इतका उशीर का झाला, याचे बरेचसे उत्तर येथेच आहे. आजार ज्याला आहे तो त्या वेळी झोपलेला असतो आणि जो जागा असतो त्याला केवळ आवाजाचा त्रास जाणवतो. मधल्या शांततेकडे कुणाचे लक्ष जात नाही.

डॉक्टर या आजाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात आणि त्याचे मूळ घशाच्या रचनेत आहे. नाकाला हाडाचा आणि श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. या दोहोंमधला घशाचा भाग मात्र केवळ स्नायूंच्या ताणावर उघडा राहतो. झोपेत हा ताण सैलावतो, जीभ आणि मऊ टाळू मागे सरकतात आणि ज्याचा घसा मुळातच चरबीने, मोठ्या टॉन्सिलने किंवा आखूड जबड्यामुळे अरुंद आहे, त्याचा श्वासमार्ग बंद पडतो. छाती-पोट श्वासासाठी धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू पुन्हा ताणले जातात आणि श्वास सुटतो. तीव्र आजारात हे चक्र तासाला तीस किंवा त्याहून अधिक वेळा घडते आणि सकाळी त्यातले काहीही आठवत नाही.

जुन्या वैद्यकाला हे अगदीच अपरिचित होते असे नाही. सुश्रुताने अतिस्थूल व्यक्तीच्या लक्षणांत क्षुद्रश्वास (थोड्या श्रमाने लागणारी धाप), अतिनिद्रा आणि क्रथन यांचा एकत्र उल्लेख केला आहे. क्रथन या शब्दाचा अर्थ अकस्मात श्वास अडणे असा टीकापरंपरेत सांगितला जातो. यावरून आपल्याकडे सर्व काही आधीच ठाऊक होते असा दावा करण्याचा मोह आवरावा. लक्षणे शेजारी शेजारी नोंदवणे आणि एकातून दुसरे कसे उद्भवते हे दाखवून देणे यांत मोठे अंतर आहे. लोकांच्या मनात तर घोरणे म्हणजे कुंभकर्णाची गाढ झोप, असेच समीकरण घट्ट बसले. प्रत्यक्षात इतकी तुटक झोप क्वचितच दुसऱ्या कुणाची असेल.

पाश्चात्त्य वैद्यकात हा विषय आला तोही एका कादंबरीतील पात्राचे बोट धरून. १९५६ मध्ये बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका अतिस्थूल रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. पत्त्यांच्या डावात तीन एक्के आणि दोन राजे हातात आलेले असताना या गृहस्थांना डुलकी लागली आणि डाव हातचा गेला. त्यानंतर ते रुग्णालयात दाखल झाले. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये सदा पेंगणारा जो नावाचा लठ्ठ मुलगा आहे, त्याच्यावरून या अवस्थेला पिकविकियन सिंड्रोम हे नाव मिळाले. वर्णन अचूक होते, पण दिवसा येणाऱ्या झोपेचे कारण रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साइड हेच असावे असे धरले गेले. रुग्ण रात्री झोपल्यावर त्याचे काय होते, हे पाहण्याची वेळ अजून आली नव्हती.

ती आली १९६५ मध्ये. फ्रान्समध्ये गास्तो, तासिनारी आणि द्युराँ यांनी, तर जर्मनीत युंग आणि कुलो यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा रुग्णांच्या मेंदूचा आलेख आणि श्वासोच्छ्वास रात्रभर एकाच वेळी नोंदवला. श्वास वारंवार थांबतो आणि प्रत्येक थांब्याच्या शेवटी झोप मोडते, हे कागदावर उमटले. संशोधन करणारी ही मंडळी मुख्यतः मेंदूविकाराची अभ्यासक होती. छातीच्या डॉक्टरांच्या हाती सापडायला हवे होते ते मेंदूच्या डॉक्टरांच्या हाती सापडले, कारण रात्री जागून आलेख काढण्याची सवय त्यांनाच होती.

पुढची महत्त्वाची भर इटलीतील बोलोन्या येथे पडली. एलिओ लुगारेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या रुग्णांचा रक्तदाब अखंड मोजला, तेव्हा श्वास थांबण्याबरोबर तो चढत असल्याचे दिसले. मग त्यांनी रुग्णालयाबाहेर येऊन सान मारिनो या चिमुकल्या देशातील साडेपाच हजारांहून अधिक रहिवाशांची पाहणी केली आणि नेहमी घोरणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण अधिक असल्याचे १९८० मध्ये मांडले. सोलापूरच्या मे महिन्यात गच्चीवर झोपणाऱ्या पिढीला गल्लीत कोण किती घोरतो याची इत्थंभूत माहिती असे. सान मारिनोच्या अभ्यासकांनी तसलीच माहिती गोळा करून तिला रक्तदाबाच्या आकड्यांची जोड दिली, असे म्हणता येईल.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डिमेंट यांच्या निद्राकेंद्रात १९७२ मध्ये क्रिस्त्याँ गिलमिनो हे फ्रेंच डॉक्टर दाखल झाले. १९७६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह या आजाराची व्याख्या मांडली. किमान दहा सेकंदांचा थांबा आणि सात तासांच्या झोपेत असे किमान तीस थांबे, हा त्यातला निकष होता. येथून हा आजार मोजणीचा विषय झाला. तासाला पाचपेक्षा कमी थांबे असल्यास सामान्य, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि त्यापुढे तीव्र, ही आज स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपेत केलेल्या श्वासाच्या तपासणीच्या, अहवालात दिसणारी वर्गवारी त्याच वाटेने आली. मोजणीसाठी साधनही लागणार होते. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात पल्स ऑक्सिमीटरमागचे तत्त्व शोधून काढले आणि बोटाला सुई न टोचता प्राणवायूचा चढउतार रात्रभर टिपणे शक्य झाले. कोरोनाच्या काळात सोलापुरात घरोघरी आलेला बोटाचा चिमटा तो हाच.

निदान झाले तरी उपाय भयंकर होता. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली की बंद पडणारा भाग टळत असे आणि रुग्ण खरोखर बरे होत. पण गळ्यात भोक ठेवून जगायला कोण सहज तयार होईल? ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरचा वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला. नाकावर मास्क लावून त्यातून किंचित दाबाची हवा सतत सोडायची, म्हणजे ती हवाच घशाला आतून टेका देते. सुरुवातीच्या यंत्रात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. एवढ्या साध्या कल्पनेने रुग्ण पहिल्याच रात्री शांत झोपले. आजची सीपॅप मशीन ही त्याच कल्पनेची सुटसुटीत आवृत्ती आहे.

उपाय हाती आल्यावर रुग्ण किती, हा प्रश्न निकडीचा झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे टेरी यंग यांच्या गटाने तीस ते साठ वयोगटातील नोकरदारांचा अभ्यास करून १९९३ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. तासाला पाच किंवा अधिक थांबे २४ टक्के पुरुषांत आणि ९ टक्के स्त्रियांत आढळले. दिवसाच्या झोपाळूपणाची जोड असलेला आजार ४ टक्के पुरुषांत आणि २ टक्के स्त्रियांत होता. या आकड्यांत स्त्रियांचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो, कारण तोवर निद्राकेंद्रांत येणारे रुग्ण बहुतांश पुरुषच असत. नवऱ्याच्या घोरण्याची तक्रार बायको चारचौघांत करते. बाई घोरते हे मात्र घराबाहेर सहसा जात नाही. शिवाय तिची तक्रार थकवा, डोकेदुखी, झोप न लागणे अशी असते आणि ती रक्तक्षय, पाळी जाण्याचे वय किंवा मनःस्थिती यांच्या खात्यात जमा होते.

भारतात झरीर उडवाडिया यांच्या गटाने मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात नियमित तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. झोपेतील श्वासाचा बिघाड १९.५ टक्क्यांत, तर लक्षणांसह आजार ७.५ टक्क्यांत निघाला. त्यानंतर दोन वर्षांनी दिल्लीच्या एम्समधील एस. के. शर्मा यांच्या गटाने निमशहरी वस्तीत १३.७ आणि ३.६ टक्के हे आकडे दिले. श्रीमंत देशांतील लठ्ठ माणसांचा आजार, ही समजूत त्यामुळे मागे पडली. आशियाई लोकांत जबड्याच्या ठेवणीमुळे तुलनेने कमी वजनातही घसा अरुंद असू शकतो.

झोपाळूपणा मोजण्यासाठी मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये एपवर्थ प्रश्नावली तयार केली. आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन गुणांत सांगायची आणि बेरीज दहाच्या वर गेली तर चौकशी करायची. त्यातला एक प्रसंग दुपारी आडवे पडण्याचा आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन असताना सोलापूरकर तेथे तीनपैकी तीन गुण मिळवणार, हे जॉन्स यांच्या ध्यानात असण्याचे कारण नव्हते. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याची दिवसाची पेंगही अपुऱ्या झोपेची असू शकते. म्हणून ही बेरीज निदान ठरत नाही.

झोपाळूपणाचा घातक परिणाम रस्त्यावर दिसतो. स्पेनमधील बुर्गोस आणि सांतान्देर येथे अपघातग्रस्त वाहनचालकांची तुलना इतर नागरिकांशी केली गेली. तासाला दहा किंवा अधिक थांबे असणाऱ्यांत अपघाताची शक्यता सुमारे सहापट असल्याचे १९९९ मध्ये निष्पन्न झाले. पुणे-हैदराबाद आणि धुळ्याकडे जाणारा, असे दोन मोठे महामार्ग जेथे एकत्र येतात त्या सोलापुरात पहाटे मालमोटार चालवणाऱ्यांसाठी ही बाब दूरची नाही.

हृदयावरील परिणामांचे संशोधन मात्र इतके सरळ गेले नाही. १९९७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका आढाव्याने या आजाराचे दुष्परिणाम आणि सीपॅपचा उपयोग या दोहोंबद्दलचा पुरावा कमकुवत असल्याचे ठासून सांगितले. निद्रातज्ज्ञांना ते झोंबले, पण माझ्या मते या विषयाचे सर्वाधिक भले त्या टीकेनेच केले. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी निम्म्या रुग्णांना परिणामशून्य दाबाचे नकली यंत्र देऊन तुलना केली आणि खऱ्या यंत्राने दिवसाची झोप स्पष्टपणे घटते हे १९९९ मध्ये सिद्ध केले. विस्कॉन्सिनच्या गटाने २००० मध्ये दाखवले की आज थांबे अधिक असतील तर काही वर्षांनी उच्च रक्तदाब होण्याची शक्यता वाढते. २००३ पर्यंत अमेरिकेच्या रक्तदाबविषयक मार्गदर्शक सूचनांत उच्च रक्तदाबाच्या ओळखता येणाऱ्या कारणांमध्ये स्लीप ॲप्नियाचे नाव आले.

मग २०१६ मध्ये ‘सेव्ह’ या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह सात देशांतील, आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेले सुमारे २७०० रुग्ण तीत होते. सरासरी ३.७ वर्षांनंतर नवे झटके आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सीपॅप घेणाऱ्यांत १७ टक्के, तर न घेणाऱ्यांत १५.४ टक्के होते, म्हणजे फायदा दिसला नाही. झोपाळूपणा, मनःस्थिती आणि कामावरची हजेरी मात्र सुधारली. या निकालाचा अर्थ लावताना दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. रुग्णांनी मास्क रात्री सरासरी ३.३ तासच लावला होता आणि फार झोप येणाऱ्यांना चाचणीत घेतलेच नव्हते. अर्धी रात्र घशाला टेका देऊन उरलेली अर्धी तो उघडा सोडला, तर हृदयाला काय मिळणार, असे सीपॅपचे समर्थक विचारतात. लोक प्रत्यक्षात मास्क तेवढाच वापरतात, असे टीकाकार उत्तर देतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

२०२४ मध्ये टिर्झेपटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनच्या दोन चाचण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. स्थूल आणि मध्यम ते तीव्र आजाराच्या ४६९ रुग्णांवर झालेल्या या चाचण्यांत वर्षभरात तासागणिक थांबे २५ ते २९ ने कमी झाले, तर नकली औषध घेणाऱ्यांत केवळ पाचाच्या आसपास. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. या चाचण्यांचा मुख्य निकष तासातले थांबे हाच होता, म्हणजे गिलमिनो यांच्या १९७६ मधील मोजणीचाच वारसा. हृदयाचे झटके मोजण्यासाठी वर्षभराचा कालावधी आणि ४६९ रुग्ण पुरेसे नसतात.