हिरवळ वाढली म्हणजे वाळवंट सुधारलं?

‘वाळवंट म्हणजे ओसाड जमीन, तिथे काहीही उगवलं तरी चांगलंच’ हा समज फार जुना आहे आणि तो साफ चुकीचा आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं सोनोरन वाळवंट बघा. १९३० च्या दशकात गुरांच्या चाऱ्यासाठी आणि जमिनीची धूप थांबवायला तिथे बफेल गवत आणलं गेलं. आपल्याकडे यालाच अंजन म्हणतात. राजस्थानात ते मूळचंच, तिथे उत्तम चारा. दोष गवताचा नाही, जागेचा आहे.

सोनोरनमध्ये झुडपं एकमेकांपासून अंतर राखून वाढतात. मधे उघडी माती असते, म्हणून आग पसरत नाही. बफेल गवत नेमकी हीच मोकळी जागा भरतं आणि वाळलं की पेट घेतं. आगीनंतर ते मुळापासून पुन्हा फुटतं. सग्वारो निवडुंग मात्र आगीसाठी घडलेलाच नाही. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम दीड इंच वाढतो, पहिली फांदी फुटायला ५० ते ७५ वर्षं लागतात. एका वणव्यात किती वर्षांची वाढ जळून जाते, याचा विचार करा!

हवामान बदल इथेच आगीत तेल ओततो. या गवताला कडक थंडी सोसत नाही. हिवाळे उबदार होताहेत तसं ते डोंगरउतारांवर वर सरकतं. शिवाय लांबलेल्या दुष्काळात सग्वारोची कोवळी रोपं तग धरत नाहीत. ॲरिझोनाने २००५ मध्ये या गवताला उपद्रवी तण ठरवलं. तिथल्या टुसॉन शहराच्या परिसरात स्वयंसेवक आजही कुदळीने ते मुळासकट उपटतात.