बिब्लोसचा देवदार, नुबियाचं सोनं : इजिप्तच्या साम्राज्याची पार्श्वभूमी

प्राचीन इजिप्त म्हटलं की डोळ्यांपुढे पिरॅमिड येतात. साम्राज्याशी मात्र त्यांचा संबंध नाही. गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. 2560 च्या सुमाराचा. दक्षिणेकडच्या नुबियात किल्ले बांधण्यापुरते फेरो, म्हणजे इजिप्तचे राजे, त्यानंतर नाईलच्या वरच्या अंगाला सरकले होते, पण आशियातल्या राजांकडून वर्षानुवर्षं खंडणी घेणारा इजिप्त दिसायला आणखी हजार वर्षं जावी लागली. (पुढचे सगळे सनही अभ्यासकांनी लावलेले अंदाजच आहेत, थोडे मागेपुढे धरावेत.)

सुरुवात झाली ती नामुष्कीतून. इ.स.पू. 1650 नंतर शंभरेक वर्षं नाईलच्या त्रिभुज प्रदेशावर हिक्सोस या मूळच्या पश्चिम आशियाई घराण्याचं राज्य होतं, राजधानी अव्हारिस. दक्षिणेला नुबियातलं कुशचं राज्य. मध्ये दक्षिण इजिप्तमधल्या थीब्ज शहराचा राजा कामोस चिमटीत सापडलेला. एका बाजूला आशियाई, दुसऱ्या बाजूला नुबियन, आणि दोघांच्या मध्ये मी बसलोय, ही त्याची तक्रार शिलालेखात कोरलेली आहे. त्याच्यानंतरच्या अहमोसने इ.स.पू. 1550 च्या पुढेमागे सत्तेवर येऊन अव्हारिस घेतलं आणि पळणाऱ्यांचा पाठलाग करत पॅलेस्टाइनमधल्या शारुहेनला तीन वर्षं वेढा घातला. घोडे जोडलेले युद्धरथ इजिप्तमध्ये रुळले ते या हिक्सोस काळातच. ज्यांना हाकललं त्यांचंच हत्यार घेऊन फेरो उत्तरेकडे निघाले.

या वाटेवरचा सर्वांत मोठा गडी म्हणजे तिसरा थुटमोस. इ.स.पू. 1457 मध्ये त्याच्याविरुद्ध उठलेले राजे पॅलेस्टाइनमधल्या मेगिद्दोला जमले होते. तिथे जायला तीन वाटा होत्या. सरदार सोप्या वाटांचा आग्रह धरत असताना हा अरुनाच्या चिंचोळ्या खिंडीतून उतरला आणि शत्रूला बेसावध गाठलं. मात्र सैन्य लुटीत रमलं, आणि शहर घ्यायला सात महिने वेढा द्यावा लागला. थीब्जच्या कर्नाक मंदिराच्या भिंतीवरचं हे वर्णन राजाच्याच बाजूचं आहे, तेव्हा शौर्याचे भाग जपूनच वाचावेत. पण हाती लागलेल्या रथांचा 924 हा आकडा एखाद्या कारकुनाच्या वहीतून उचलल्यासारखा वाटतो.

पुढच्या एका मोहिमेत त्याने लेबनॉनच्या किनाऱ्यावर बिब्लोसजवळ देवदाराच्या होड्या बांधून घेतल्या, त्या बैलगाड्यांवर लादून युफ्रेटिसपर्यंत नेल्या आणि नदी ओलांडून उत्तर सीरियातल्या मितान्नी राज्याच्या मुलखात शिरला. या मितान्नीची आपल्याला विशेष ओळख हवी. तिथल्या राजांनी आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती राजाशी केलेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या वेदांतल्या देवांना साक्षीला बोलावलं आहे. किक्कुली नावाच्या मितान्नी अश्वशिक्षकाच्या ग्रंथात घोड्याच्या फेऱ्या ‘ऐक’, ‘पंझ’, ‘सत्त’, ‘नव’ अशा मोजल्या आहेत.

जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था दोन तऱ्हांची होती. उत्तरेत स्थानिक राजे जागच्या जागी ठेवले. त्यांची मुलं इजिप्तच्या दरबारात वाढवली, म्हणजे ओलीसही आणि शिकलेले मांडलिकही. मोक्याच्या ठिकाणी छोटी पथकं. खर्च कमी, पकडही तेवढीच. दक्षिणेत नुबियावर मात्र थेट अंमल होता. तिथल्या सुभेदाराला ‘कुशचा राजपुत्र’ म्हणत, तो राजाचा मुलगा नसला तरी. कारण उघड आहे: सोनं तिथलं होतं.

या सोन्याने काय साधलं ते 1887 मध्ये फेरो अखेनातेनच्या जुन्या राजधानीत, अमर्नाला सापडलेल्या मातीच्या पाट्यांत दिसतं. जवळपास 380 पाट्या, बहुतेक अक्कडी भाषेत, म्हणजे त्या काळच्या दरबारी पत्रव्यवहाराच्या भाषेत. असीरियाचा राजा लिहितो, तुमच्याकडे सोनं म्हणजे धूळ, रस्त्यावरून उचलून घ्यायची. मग आम्हालाच हात आखडता का? त्याच ढिगात बिब्लोसचा मांडलिक राजा रिब-हद्दा याची साठेक पत्रं आहेत. शेजारी माझी गावं गिळतोय, धान्य संपलं, माणसं पाठवा, असा एकच धोशा. फेरो वैतागून विचारतो की तूच एवढी पत्रं का लिहितोस. शेवटी भावानेच त्याला गादीवरून हुसकावलं. एकाच सूर्यदेवाला मानणाऱ्या अखेनातेनच्या धर्मवेडापायी साम्राज्य बुडालं असं सांगायची रीत आहे, ती मला पटत नाही. पुढे सेती आणि दुसरा रामसेस यांनी बरंच काही सावरलं. इ.स.पू. 1274 मध्ये सीरियातल्या कादेशला हित्तींशी झालेल्या लढाईत रामसेसने विजयाचा डंका भिंतीभिंतीवर वाजवला, पण कादेश राहिलं हित्तींकडेच. पंधरा वर्षांनी दोघांनी तह केला.

खरा घाव इ.स.पू. 1200 नंतरचा. हित्तींची राजधानी हत्तुशा ओस पडली, सीरियाच्या किनाऱ्यावरचं उगारित जळालं. समुद्रावरून चालून आलेल्या ‘समुद्री लोकां’ना तिसऱ्या रामसेसने इ.स.पू. 1177 च्या सुमारास परतवलं, पण पुढच्या काही दशकांत कनान, म्हणजे पॅलेस्टाइनचा मुलूख, हातचा गेलाच. त्याच्याच 29 व्या वर्षी राजांच्या कबरी खोदणारे कारागीर शिधा थकला म्हणून काम टाकून मंदिरामागे जाऊन बसले. भूक-तहानेने इथवर आलोय, हे त्यांचं म्हणणं तुरिनच्या पपायरसवर आजही वाचता येतं. थीब्जचा मुख्य देव अमून, त्याच्या मंदिराकडे जमिनी साठत होत्या, धान्याचे भाव चढत होते. अखेरीस कुशचा सुभेदार पानेहसी थीब्जमध्ये सैन्य घेऊन उतरला, त्याच्याशी युद्ध झालं आणि इ.स.पू. 1070 च्या आसपास नुबिया तुटला. त्याबरोबर सोन्याची वाटही.

याच दिवसांतली म्हणून वेनामूनची कथा पपायरसवर आली आहे. ती घडलेली की रचलेली, यावर वाद आहे. अमूनच्या मंदिराचा अधिकारी वेनामून देवाच्या होडीसाठी लाकूड आणायला बिब्लोसला जातो, वाटेत लुटला जातो. बंदराचा राजा जकर-बाल त्याला 29 दिवस रोज निरोप धाडतो, माझ्या बंदरातून चालता हो. तुझ्या बापजाद्यांनी लाकूड दिलं होतं, असं वेनामून सांगतो, तेव्हा जकर-बाल जुन्या हिशेबाच्या वह्या काढून वाचायला लावतो: लाकूड दिलं होतं, पण चांदी मोजून घेतली होती. मी तुझा चाकर नाही, तुला पाठवणाऱ्याचाही नाही. मग इजिप्तहून माल येतो: थोडं सोनं-चांदी, पपायरसच्या 500 गुंडाळ्या, 500 कातडी, 500 दोरखंड, मसुरीची 20 पोती, माशांच्या 30 टोपल्या. तेव्हा कुठे देवदारावर कुऱ्हाड पडते.