टीशॉक की टॉनिश्टे? वराडकर नेमके कधी कोण होते

लिओ वराडकरांचं नाव निघालं की मराठीत तीन गोष्टी ठरल्यासारख्या येतात. मालवण तालुक्यातल्या वराडचे, पेशाने डॉक्टर, 2017 ते 2024 आयर्लंडचे पंतप्रधान. वराड हे वडिलांचं गाव, लिओंचा जन्म डब्लिनचा. तेवढं चालवून घेऊ. डॉक्टर खरेच. तिसरं मात्र सरळ चूक, कारण मधली अडीच वर्षं ते टॉनिश्टे होते, म्हणजे पंतप्रधानांच्या खालोखाल.

टीशॉक म्हणजे पंतप्रधान. डॉल या कनिष्ठ सभागृहाने निवडायचं, राष्ट्राध्यक्षांनी नेमायचं. आपल्याला यात नवीन काही नाही. फक्त Taoiseach हे स्पेलिंग अक्षर-अक्षर लावून ‘ताओइसेच’ लिहू नका, डोळ्यांना त्रास होतो. आणि वराडकरांना ‘आयर्लंडचे अध्यक्ष’ म्हणणाऱ्यांसाठी: त्या सगळ्या काळात राष्ट्राध्यक्ष होते मायकल हिगिन्स.

खरा घोळ टॉनिश्टेला ‘उपपंतप्रधान’ म्हटलं की सुरू होतो, कारण आपल्या डोळ्यांसमोर उपमुख्यमंत्री येतो. आपल्या घटनेत ते पदच नाही. शपथ मंत्र्याची, ‘उप’ ही राजकीय सोय. आयर्लंडच्या घटनेत टॉनिश्टे 28व्या कलमात आहे, कामासकट. टीशॉक वारले किंवा कायमचे अक्षम झाले, तर नवी नेमणूक होईपर्यंत कारभार टॉनिश्टेकडे. टीशॉक तात्पुरते हजर नसतील तरीही तसंच. राजीनाम्याची गोष्ट वेगळी. टीशॉकने तो दिला की अख्ख्या मंत्रिमंडळाचा दिला असं धरतात, आणि नवे येईपर्यंत काम बघतात तेच जुने, टीशॉकसकट.

2020 मध्ये नेमकं हेच झालं. निवडणुकीत वराडकरांचा फिन गेल पक्ष 35 जागांवर अडकला. 20 फेब्रुवारीला डॉलमध्ये मतं कमी पडली, त्यांनी राजीनामा दिला आणि 27 जूनपर्यंत काळजीवाहू टीशॉक म्हणून तेच राहिले. कोविडची पहिली लाट त्यांनी याच अवस्थेत हाताळली. डॉक्टरांच्या नोंदवहीतून 2013 मध्ये निघालेलं नाव पुन्हा घालून आठवड्याला एक पाळी करायचं ठरवलं, तेही तेव्हाच. ‘पंतप्रधानपद सोडून रुग्णसेवेत’ हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी निदान तारखा तरी बघाव्यात.

मग फियाना फॉल आणि ग्रीन पक्षाबरोबर सरकार झालं. आधी फियाना फॉलचे मिहॉल मार्टिन टीशॉक, वराडकर टॉनिश्टे. 17 डिसेंबर 2022 ला दोघांची अदलाबदल. करारच तसा होता, त्यामुळे याला कोणी ‘पदावनती’ किंवा ‘पुनरागमन’ म्हटलं की मला हसू येतं.

टॉनिश्टे या शब्दाचा जुना गेलिक अर्थ टोळीप्रमुखाचा ठरवलेला वारस. आज तो वारसा उरलेला नाही. मार्च 2024 मध्ये वराडकरांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं, त्यांच्या पक्षाने सायमन हॅरिसना नेता केलं आणि 9 एप्रिलला हॅरिस टीशॉक झाले. मार्टिन टॉनिश्टेच राहिले.