‘मायक्रो’ म्हणजे नेमकं किती?

तासगाव असो की इस्लामपूर (आता ईश्वरपूर), कृषी सेवा केंद्रात ‘मायक्रो’ हा शब्द दिवसभर कानावर पडतो. मायक्रो इरिगेशन, मायक्रोन्यूट्रिएंट, १३० मायक्रॉनचा फिल्टर, पाण्याच्या अहवालातलं मायक्रोसीमेन्स (पाण्यातले क्षार दाखवणाऱ्या विद्युत वाहकतेचं माप). पहिल्या दोन ठिकाणी या शब्दाचा अर्थ नुसता ‘थोडं’. पुढच्या दोन ठिकाणी मात्र ते गणित आहे: दहा लाखावा भाग, आणि तिथे गडबड झाली की चूक हजारपटीची होते.

ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीत किंवा ताशी ४ लिटर सोडणाऱ्या ड्रीपरमध्ये दहा लाखावं काही नाही. पाटपाण्याच्या मानाने पाणी थोडं, म्हणून मायक्रो.

सूक्ष्म अन्नद्रव्यांचंही तसंच. उसाला एकरी फेरस सल्फेट १० किलो, झिंक सल्फेट ८ किलो, मँगनीज सल्फेट ४ किलो आणि बोरॅक्स २ किलो अशी शिफारस असते. आठ किलो झिंक सल्फेटमध्ये जस्त जेमतेम पावणेदोन किलो. सुरू (डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेल्या) उसाला नत्र मात्र लागतं एकरी १०० किलो, म्हणून जस्त ‘सूक्ष्म’. कृष्णाकाठच्या चुनखडीच्या काळ्या रानात खरी अडचण वेगळीच आहे. लोह जमिनीत भरपूर असतं, पण सामू (पीएच) ८ च्या वर गेला की ते विरघळत नाही आणि उसात केवडा दिसतो: कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. म्हणून ही खतं दहापट वजनाच्या, कुजलेल्या शेणखतात मिसळून पाच-सहा दिवस मुरवतात. सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात. चिलेट, म्हणजे अन्नद्रव्याला धरून विरघळतं ठेवणारं तयार खत, घेताना पिशवीवरचं नाव वाचा. लोहाचं ईडीटीए चिलेट सामू साडेसहाच्या पुढे टिकत नाही. अशा जमिनीला ईडीडीएचए लागतं, महाग असलं तरी.

आता मायक्रॉन, म्हणजे मीटरचा दहा लाखावा किंवा मिलिमीटरचा हजारावा भाग. हे नाव १९६७-६८ सालीच आंतरराष्ट्रीय वजन-मापांतून अधिकृतपणे रद्द झालं, त्याजागी मायक्रोमीटर आलं. दुकानदारांना त्याचं सोयरसुतक नाही. त्यातून जाळीला ‘मेश’ हे दुसरं माप, आणि तेही उलट्या दिशेचं: मेश वाढला की भोक लहान, मायक्रॉन वाढला की भोक मोठं. १२० मेश म्हणजे एका इंचात १२० भोकं. एक इंच २५,४०० मायक्रॉन. भागिले १२० केलं की जवळपास २१२ येतात. पण तारही जागा खाते, त्यामुळे प्रत्यक्ष भोक १२५ ते १३० मायक्रॉनचं उरतं.

ड्रीपरची वाट १ मिलिमीटर असेल तर जाळी तिच्या सातव्या ते दहाव्या हिश्शाची हवी, म्हणजे १०० ते १४० मायक्रॉन. इतकी बारीक कशाला? एकेकटा कण वाटेतून सुटतो, पण चार-पाच एकदम आले की कमान करून अडकतात. फिल्टरच्या आधी आणि नंतर असे दोन प्रेशर गेज बसवा. फरक चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोवर गेला की जाळी धुवायला काढा.

तरीही ड्रीपर तुंबतात. पावसाळी गढूळ पाण्यातले चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहून लहान, जिवाणूही काही मायक्रॉनचेच. दोन्ही जाळीतून सहज पार होतात. नळीत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरला की माती त्याला चिकटते. उपाय म्हणजे दर पंधरवड्याला नळ्यांची शेवटची टोकं उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडणं. विहिरीच्या पाण्यातला चुना तर विरघळलेलाच असतो, त्याला कुठलीही जाळी अडवत नाही. तो ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा खडा होऊन बसतो आणि आम्लानेच निघतो. आधी बादलीभर मोजक्या पाण्यात थेंब-थेंब आम्ल घालून सामू ४ पर्यंत यायला किती लागतं ते पाहा, त्या हिशोबाने व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात खत-आम्ल ओढून घेणाऱ्या नळीतून) सोडा, २४ तास संच बंद ठेवा आणि मग धुवा. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. क्लोरीनची प्रक्रिया वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू निघतो.

पाण्याच्या अहवालात मायक्रोची खूण ग्रीक म्यू असते. छपाईत ती नसली की कुणी इंग्रजी यू छापतं, कुणी एम. एम म्हणजे मिली, हजारपट मोठं! पडताळा सोपा आहे. विहिरीच्या पाण्याचा आकडा तीन-चार अंकी असेल तर तो मायक्रोसीमेन्समधला, एक-दोन अंकी असेल तर मिलीसीमेन्स (प्रति सेंटिमीटर) किंवा डेसीसीमेन्समधला (प्रति मीटर); या दोन्हींचा आकडा सारखाच येतो. १५०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर म्हणजे १.५ डेसीसीमेन्स प्रति मीटर.

पीपीएम हाही दहा लाखावाच भाग, फक्त नाव वेगळं. द्राक्षाला १० पीपीएम जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढसंजीवक) म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध जीए. पाकिटावर ४० टक्के लिहिलं असेल तर अडीच ग्रॅम घ्यावं लागेल. इतकं वजन किराणा दुकानाच्या काट्यावर होत नाही, दहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा. आणि फवारणीच्या पाण्याचा सामू आधी सहाच्या आसपास आणा. अल्कलीयुक्त पाण्यात जीए टिकत नाही.