मे महिन्यात पाणी कोण घालणार?

शहरात सामाईक बाग करायची आणि लहानथोरांनी तिथे येऊन शिकायचं, ही कल्पना कोकणात कुणी मांडली की ती बाहेरून आल्यासारखी वाटते. निम्मी खरंच बाहेरची आहे. उरलेली निम्मी आपल्याच मागच्या दारी होती. सिंधुदुर्गात त्याला परडं म्हणतात, इतरत्र परस.

आजीच्या घरी न्हाणीचं पाणी पन्हळीतून केळीला जायचं, केळीच्या आळ्यातून ओघळलेलं अळवाला. चुलीतली राख झाडांना. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी, काकडी. गणपती झाले की लाल माठ आणि मुळ्याचे वाफे. तवशी, म्हणजे मोठी काकडी, केळीच्या सोपटाने बांधून आढ्याला टांगलेली. पडवळ वाकडं व्हायला लागलं की आजी त्याच्या टोकाला सुतळीने दगड बांधायची. केवढा दगड, ते तिने कधी सांगितलं नाही. एकदा मी हौसेने मोठा बांधला आणि सकाळी पडवळ खाली तुटून पडलेलं. ती काही बोलली नाही, त्याचीच भाजी केली. पुढच्या वेळी माझ्या हाताने आपोआप लहान दगड उचलला.

मग घरं पडली, इमारती उभ्या राहिल्या, न्हाणीचं पाणी गटारात गेलं. शाळेच्या पुस्तकात परसबाग राहिली, चित्रापुरती.

बाहेरच्या कल्पनेची सुरुवातही मुलांपासूनच झाली. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी 1840 मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ म्हटलं, म्हणजे मुलांची बाग, आणि तिथे प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा दिला. 1865 मध्ये लाइपझिग शहरात पालक-शिक्षकांच्या संस्थेने मुलांना खेळायला मैदान मिळवलं. थोड्या वर्षांनी कार्ल गेझेल या शिक्षकांनी त्याच्या कडेने मुलांसाठी वाफे पाडले. मुलं थोड्याच दिवसांत कंटाळली, तण माजलं, शेवटी आईबापांनीच खुरपी हाती घेतली. आज जर्मन शहरांत दिसणाऱ्या कुटुंबांच्या छोट्या बागांची एक सुरुवात ही अशी. मला या गोष्टीतला कंटाळा फार महत्त्वाचा वाटतो. योजना आखणारे नेमका तोच विसरतात.

आपल्याकडे 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हातकामातून शिक्षण द्यायचं ठरलं, पण प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी सूतकताईच पुढे राहिली. किनाऱ्यावर खरं काम दिसलं ते पालघरकडच्या बोर्डीला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे वर्गात आले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्याकडे न्यायची, असं करत गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा झाली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातला. 1975 पासून देशभरच्या एकात्मिक बालविकास योजनेत तो रुळला. त्यातलं अंगण मात्र अनेक ठिकाणी खोलीत बंद झालं.

शहराच्या बाजूने मदत आली ती कचऱ्यातून. कोल्हापूरचे गणिती श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभारून ऊन, पान आणि उत्पन्न यांचा हिशेब सामान्य माणसाच्या हाती दिला. पुढे मुंबईत गच्चीवर भाजी लावणाऱ्यांनी रसवंतीतली चिपाडं गोळा करून मातीऐवजी वापरली. धारावीलगत मिठी नदीच्या काठी पूर्वी कचरा टाकत, त्या 37 एकरांवर झाडी वाढवून 1994 मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुलं झालं. शाळांच्या सहली तिथे जाऊ लागल्या. वेंगुर्ल्यात तर नगरपरिषदेचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरोघरी कचरा वेगळा होऊ लागला आणि कचरा डेपोच माणसांनी पाहायला यावं असं ठिकाण झालं.

कागदावरही जागा आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला कचरा वेगळा ठेवणं बंधनकारक केलं, म्हणजे खताचा कच्चा माल गावातच. 2019 मध्ये केंद्राने शाळांच्या पोषण-परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत साधारण 40 गुंठे किंवा त्याहून मोठ्या लेआउटला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. तिथे बहुधा गवत असतं आणि एक मोडका झोपाळा.

मोकळी जागा आहे म्हणून बाग टिकतेच असं नाही. न्यूयॉर्कमध्ये सत्तरच्या दशकात रहिवाशांनी उकिरडे साफ करून बागा केल्या. 1999 मध्ये पालिकेने शंभराहून जास्त बागा लिलावाला काढल्या. काही संस्थांनी ऐन वेळी पैसे उभे केले म्हणून त्या वाचल्या. भाडेकरार लेखी नसेल तर आंबा लावू नये, माठच लावावा.

कोकणची अडचण याहून साधी आहे. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभ्यावर माती वीतभर, पाणी झिरपून जातं. विहिरी तळाला जातात एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी. मुलं मामाकडे, शिक्षक गावी. युरोपात शेतीच्या हंगामाभोवती बेतलेलं शाळेच्या बागेचं वेळापत्रक आपण उचललं की ते इथे उलटं बसतं. ज्यांना शिकायचं ते जूनमध्ये परत येतात तेव्हा वाफ्यात पाणी तुंबलेलं असतं. त्यात 3 जून 2020 च्या निसर्ग वादळासारखा दिवस आला, की श्रीवर्धन-दिवेआगरकडची पिढ्यांची नारळ-पोफळीची बागही दुपारभरात आडवी होते.

आमच्या भागातल्या एका शाळेने पाच-सहा वर्षांपूर्वी हौसेने बाग केली. जुलैत उद्घाटन, फोटो, प्रत्येक रोपाला मुलाच्या नावाची पाटी. मेच्या अखेरीस मी तिथून गेलो तर पाट्या उभ्या होत्या, रोपं नव्हती. फक्त कुंपणालगतची अळवाची ओळ हिरवीगार होती. वॉचमनच्या बायकोने आपल्या धुण्याच्या दगडावरून तिकडे चर काढला होता.