टेबलावरून ट्रॉलीवर: भुलेतल्या रुग्णाच्या प्रवासाची पार्श्वभूमी

ऑपरेशन झालं म्हटलं की बाहेर बसलेल्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. भूलतज्ज्ञाचा तेव्हा पडत नाही. रुग्ण अजून भुलेत असतो. जीभ मागे पडून श्वासाची वाट अडू शकते, उलटी फुप्फुसात जाऊ शकते आणि गुदमरतंय हे सांगायची शुद्ध त्याला नसते.

१६ ऑक्टोबर १८४६ला बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे दाखवली. कापताना होणाऱ्या वेदनेवर उपाय सापडला, पण भुलेतल्या माणसाला खाटेपर्यंत सुखरूप न्यायचं काम नव्यानं अंगावर आलं. शस्त्रक्रियागृहाला लागूनच, रुग्ण सावरेपर्यंत ठेवायची छोटी खोली काही ग्रामीण रुग्णालयांत असते, अशी नोंद फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३मध्ये केली होती. तरी अशा खोल्या सर्रास व्हायला दुसरं महायुद्ध यावं लागलं. परिचारिका कमी पडू लागल्या, म्हणून ऑपरेशन झालेले रुग्ण एकाच खोलीत, एका नजरेखाली ठेवले जाऊ लागले. पुढे १९४७मध्ये फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी भुलेनंतरच्या पहिल्या २४ तासांतल्या मृत्यूंचा अकरा वर्षांचा हिशेब मांडला. जवळजवळ निम्मे मृत्यू टाळता आले असते! रिकव्हरी रूम ही चैन नव्हे, हे त्यानंतर कुणाला पटवावं लागलं नाही.

रुग्णाला वॉर्डात केव्हा हलवायचं, यासाठी १९७०मध्ये भूलतज्ज्ञ आल्ड्रेटे यांनी दहा गुणांची मोजणी दिली: हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि त्वचेचा रंग, प्रत्येकी दोन. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर रुळल्यावर रंगाची जागा ऑक्सिजनच्या आकड्यानं घेतली.

रुग्णाला टेबलावरून ट्रॉलीवर उचलण्याची रीत मात्र हातांनीच जपली आहे. आधी ट्रॉलीचे ब्रेक. सलाईन, ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी), लघवीची पिशवी कुठे अडकलेली नाही ना, ते बघायचं. डोक्याशी भूलतज्ज्ञ, एक हात हनुवटीखाली. ‘एक, दोन, तीन’ त्यांनीच म्हणायचं आणि ते ट्रॉली ढकलणाऱ्या वॉर्डबॉयला ‘मामा, थांबा’ म्हणाले की सगळ्यांनी थांबायचं.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेसाठीची २००८ची सुरक्षा-यादी सर्जन अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली झाली. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे. रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सिस्टर यांनी पुढच्या काळजीबद्दल मोठ्यानं बोलावं, असं ही यादी सांगते. ट्रॉली ढकलणाऱ्या मामांचा त्यात उल्लेख नाही. मला वाटतं, त्यांनाही शेजारी उभं करून ते ऐकवावं. लिफ्टमध्ये रुग्णाच्या सगळ्यात जवळ तेच असतात.